कुठं अडकलंय? वॉर्ड क्लार्कच्या खुर्चीवरून

वॉर्डातल्या काउंटरवर बसलं की दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न येतो. नातेवाईक विचारतात, "मॅडम, कुठं अडकलंय?" बिलिंगवाले फोन करून विचारतात, सिस्टर विचारतात, राउंडला आलेले सर चष्म्यावरून बघत विचारतात. रिपोर्ट असो, रक्ताची पिशवी असो, जेवणाचं ताट असो नाहीतर डिस्चार्जचा कागद. मी मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात २२ वर्षं वॉर्ड क्लार्क आहे. त्यातली १४ स्त्रियांच्या सर्जरी वॉर्डात गेली, २८ खाटांच्या. टायपिंग आणि सॉफ्टवेअर सहा महिन्यांत कुणालाही येतं. कुठं अडकलंय हे खुर्चीतून न उठता सांगता आलं, की नवीन मुलगी कामाला लागली असं मी समजते.

ड्यूटी आठची असेल तर पावणेआठला या. आल्या आल्या कॉम्प्युटर लावून बसू नका. रात्रीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरना पेशंट सोपवत खाटेखाटेला फिरतात, त्यांच्या मागे गप्प उभं राहून फिरा. तुम्हाला औषधातलं काही कळायची गरज नाही. हातात लांबट वही आणि पेन्सिल हवी. माझ्या वहीत एका खाटेला एक ओळ: खाट नंबर, नाव, कोणत्या डॉक्टरांचा पेशंट, पैशाचा प्रकार (रोख, कॅशलेस म्हणजे विमा कंपनी परस्पर भरते ते, सरकारी योजना, धर्मादाय) आणि शेवटचा रुंद कॉलम 'बाकी'. सगळं काम त्या शेवटच्या कॉलमात आहे. '६ नंबर, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट बाकी.' '११ नंबर, भूलतज्ज्ञांचं बघणं बाकी.' पेन्सिल एवढ्यासाठी, की बाकी संपलं की खोडायचं. दुपारी कॉलम जितका पांढरा तितकी संध्याकाळ बरी जाते.

या फेरीचं दुसरं कारण म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलतो. रात्री कॅज्युअल्टीतून आलेल्या बाईला ९ नंबरवर घेतलेलं असतं, पहाटे पंख्याचा वारा सोसेना म्हणून ती १७ वर जाते, आणि स्क्रीनवर ती ९ वरच झोपलेली असते. मग चहा भलतीकडे जातो, एक्स-रेला भलत्याच बाईला बोलावणं येतं. त्यात रात्री १२ चा आकडा असतो. त्या वेळी वॉर्डात किती डोकी होती त्यावर खाटेचं भाडं आणि महिन्याचा अहवाल चालतो. ११:५० ला आलेली आणि १२:१० ला आयसीयूत हललेली बाई दोन्हीकडे मोजली जाते किंवा कुठंच मोजली जात नाही. सकाळी खाटा मोजून आकडा जुळवून टाका. दोन दिवस मागे पडलात तर तो कधीच जुळत नाही.

नावांचं

आमच्या भागात पाटील किती, कांबळे किती, मगदूम किती, विचारू नका. एका पावसाळ्यात माझ्या वॉर्डात दोन शोभा पाटील होत्या, एक बेडगची, एक कवठेमहांकाळची, दोघी पन्नाशीच्या, दोघींचं पित्ताशयाचं ऑपरेशन. एकीचा साखरेचा रिपोर्ट मी दुसरीच्या फाइलला लावला. सिस्टरनी वाचता वाचता पकडला, म्हणून इन्सुलिन चुकीच्या हातात गेलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम: कागद फाइलला लावण्याआधी पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर (भरतीचा नंबर), दोन्ही ओठ हलवून वाचायचे. खाट नंबर ही कधीच ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात. सारख्या नावाच्या दोघी आल्या तर दोन्ही फाइलींवर लाल पेनानं 'नाव सारखे' लिहा, सिस्टरना तोंडी सांगा आणि शक्य असेल तर त्यांना शेजारशेजारी ठेवू नका. रुग्णाला विचारताना "तुम्ही शोभाताई ना?" असं विचारू नका. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा.

नाव लिहायचं ते आधार कार्डावर किंवा पॉलिसीवर आहे तसंच, एक काना-मात्रा न बदलता. लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत हमखास गोंधळ होतो: आधार माहेरच्या नावावर, नवऱ्याच्या कंपनीची पॉलिसी सासरच्या नावावर, आणि घरचे तिसऱ्याच नावानं हाक मारतात. भरती होतानाच दोन्ही कागद समोर ठेवून फरक दिसला तर त्याच दिवशी इन्शुरन्सच्या टेबलाला सांगा. डिस्चार्जच्या दिवशी दिसला तर तो दिवस गेला.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे अथणी, चिकोडी, रायबाग, विजापूरपासून माणसं येतात. माझा निम्मा वॉर्ड कन्नड बोलतो. 'याव ऊरु?' म्हणजे कुठलं गाव, 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का, एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली. त्यांच्याकडे नावाआधी इनिशियल असतात आणि आडनावाच्या जागी बऱ्याचदा गावाचं नाव. आपल्या फॉर्मच्या तीन चौकटीत ते कोंबू नका, कार्डावर आहे तसं उतरवा. तुम्ही दुसरीकडे असाल तर तिथली भाषा वेगळी असेल. चार वाक्यं शिकाच.

फोनवर काय घ्यायचं नाही

फोन आला की तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि काम वहीत, आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. हे कुणीही सांगेल. मी सांगते ते म्हणजे काय घ्यायचं नाही ते. लॅबमधून "पोटॅशियम ६.८ आलंय" असा धोक्याच्या आकड्याचा फोन आला तर तो आकडा तुम्ही लिहून नंतर द्यायचा नसतो. "थांबा, सिस्टरना देते" म्हणायचं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायचा, मग त्या कुणाच्या खाटेशी वाकलेल्या का असेनात. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगायला सुरुवात केली तरी तसंच. सर चिडतात. चिडू देत.

तिसरी गोष्ट म्हणजे नातेवाइकांना आजार सांगणं. गाठीचा रिपोर्ट तुमच्या हातात असतो, त्यावर काय लिहिलंय ते इतक्या वर्षांनी तुम्हाला कळतंही, आणि समोर मुलगी उभी असते. "रिपोर्ट आलाय, डॉक्टर साडेबाराला येतील, ते तुमच्याशी बोलतील, तुम्ही तेव्हा इथंच थांबा." एवढंच. चेहरा सांभाळायला मात्र मला दहा वर्षं लागली. फाइलचा फोटो काढून कुणाला पाठवू नका, घरातल्या डॉक्टर भावाला हवाय असं म्हटलं तरी. इनडोअर पेपर, म्हणजे भरती असतानाचे उपचारांचे कागद, रीतसर मागता येतात. डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या नियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात आणि ३ वर्षं जपून ठेवायचे असतात. अर्ज घ्या आणि रेकॉर्ड विभागाकडे पाठवा.

इंडेंट (स्टोअरला द्यायची मागणीची चिठ्ठी), स्टेशनरी, एक्स-रेची पाकिटं यांबद्दल फार सांगत नाही. शनिवारी दुप्पट मागवून ठेवा. जेवणाच्या चिठ्ठीबद्दल मात्र सांगते. किचनला दहाच्या आत यादी जाते: साधं, मऊ, पातळ, मधुमेहाचं, आणि ऑपरेशनवाल्यांना पूर्ण उपाशी. आपल्याकडे संकष्टी, श्रावणी सोमवार, आषाढी एकादशी असते आणि बायका सांगत नाहीत. ताट परत येतं, तोवर इन्सुलिन टोचून झालेलं असतं. म्हणून कॅलेंडर काउंटरच्या आत टांगा आणि उपासाच्या आदल्या दिवशीच खाटेखाटेला विचारा, "उद्या धरणार काय?" ज्या हो म्हणतील त्यांचे नंबर सिस्टरना. पुढचं त्या बघतात.

डिस्चार्ज

डिस्चार्ज सकाळी सुरू होतो असं ज्याला वाटतं त्याचा डिस्चार्ज संध्याकाळी सहाला होतो. संध्याकाळच्या राउंडला सर सहज म्हणतात, "उद्या सोडू या हिला." तो शब्द ऐकला की तिथूनच तुमचं काम सुरू. रात्रीतच समरी, म्हणजे डिस्चार्जचा कागद, कोण लिहिणार ते विचारून ठेवा. आरएमओ (वॉर्डाचे ड्यूटी डॉक्टर) ड्यूटी संपवून घरी गेले की समरी त्यांच्या डोक्यात घरी जाते. कुठले रिपोर्ट यायचेत, त्यातला बायोप्सीसारखा आठवड्यानं येणारा कुठला, ते समरीत 'रिपोर्ट प्रलंबित' म्हणून लिहून घ्या. ऑपरेशनमध्ये जाळी किंवा प्लेट बसवली असेल तर तिच्या वेष्टनावरचं स्टिकर ऑपरेशनच्या कागदावर चिकटवलंय का, ते बघा. ते नसेल तर विमा कंपनी हमखास विचारते आणि ते शोधायला ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहावं लागतं.

सकाळी सर्वांत आधी उरलेल्या औषधांचा परतावा. कापलेली पट्टी, ज्यावरचा बॅच नंबर गेलाय ती, आणि फ्रिजमधून एकदा बाहेर पडलेलं औषध फार्मसी घेत नाही. हे नातेवाइकांना भरती झाल्याच दिवशी सांगा, म्हणजे ते पट्ट्या कात्रीनं कापून डब्यात ठेवणार नाहीत. परतावा झाल्याशिवाय शेवटचं बिल निघत नाही. त्यामुळे कुठं अडकलंय या प्रश्नाला माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा दिलं गेलेलं उत्तर 'फार्मसी' हे आहे.

कॅशलेसचं वेगळं. विमा नियामकानं मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार पहिल्या मंजुरीचा निर्णय कंपनीनं १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे. उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकारणी केली तर ती कंपनीनं भरायची. ऐकायला बरं वाटतं, पण ते ३ तास कागद पोचल्यापासून मोजतात. तुमची समरी दोन वाजता गेली तर घड्याळ दोनला सुरू होतं. शिवाय समरी आणि केसपेपर एकमेकांशी बोलले पाहिजेत. एकदा केसपेपरवर 'मधुमेह १५ वर्षे' होतं आणि समरीत '५ वर्षे'. टायपिंगची चूक. कंपनीनं विचारलं, पॉलिसी घेताना लपवलं होतं का? खरं काय ते रुग्णाला विचारून डॉक्टरांनी सहीनिशी दुरुस्ती करेपर्यंत तिचा मुलगा जिन्यात बसून होता. मोह होतो स्वतःच एक आकडा मारायचा. मारू नका. क्लार्कच्या अक्षरात वैद्यकीय कागदावर काहीही बदललेलं दिसता कामा नये, अगदी बरोबर बदललेलं असलं तरी.

हातमोजे वगैरे काही वस्तू कॅशलेसमध्ये बसत नाहीत, त्या खिशातून जातात, हेही आधी सांगायचं. आणि रोख भरणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी: एका आजारपणाच्या बिलापोटी २ लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आयकर कायद्याचा तो नियम आहे. तासगावकडचे एक काका बेदाण्याचे पैसे पिशवीत घेऊन आले होते. दोन पावत्या करा म्हणाले, आज एक, उद्या एक. तसंही चालत नाही, प्रसंग एकच धरतात. शेवटी बँक बंद व्हायच्या आत पुतण्याला स्कूटरवरून पळवलं.

योजनेच्या पेशंटला पैशाची नाही, कागदाची घाई असते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ती आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं आहे. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती ५ लाख झाली. तरी गेटवर अजून लोक 'राजीव गांधीचं ऑफिस कुठंय' असंच विचारतात, त्यांना दुरुस्त करत बसू नका, आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाकडे पाठवा. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीत नाव हवं. सुनेचं नाव रेशनकार्डात चढवायचं राहिलेलं असतं, हे दर आठवड्याला एकदा तरी घडतं. सीमाभागातल्या ८६५ गावांनाही महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये ही योजना लागू केली, म्हणून चिकोडी-निपाणीकडचं कुणी आलं की "तुम्ही कर्नाटकातले, तुम्हाला नाही" असं तोंडातून काढण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात राखीव असतात. बिल हातात पडल्यावर रडणाऱ्या माणसाला हे सांगण्यात अर्थ नसतो. त्यानं भरतीचा फॉर्म भरताना पेन थांबवून 'डिपॉझिट किती?' असं हळू आवाजात विचारलं, की तेव्हाच समाजसेवा विभागाचा दरवाजा दाखवायचा.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेणारे असतात, त्याला आम्ही 'डामा' म्हणतो. तो फॉर्म तुम्ही पुढं करायचा नाही. आधी डॉक्टर बोलणार, मग फॉर्म.

अमावस्येला डिस्चार्ज कुणाला नको असतो. सर्वपित्रीला तर वॉर्ड हलतच नाही. यावर वाद घालू नका. चतुर्दशीलाच विचारा, आज जायचं की परवा, आणि खाटेचं एक दिवसाचं भाडं किती ते सांगा. निम्म्या लोकांचं शास्त्र तिथं मऊ होतं. निघताना माणसं सवयीनं "येतो हं मॅडम" म्हणतात, आणि आपणही सवयीनं "या परत" म्हणून बसतो. मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं, तेव्हा एक आजी दारातून परत फिरल्या आणि मला म्हणाल्या, "गप बस गं बाई." आता मी "सांभाळून जावा" म्हणते.

मृत्यू झाल्यावर

हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट सांगत नाहीत. पडदा ओढला गेला की पहिलं काम म्हणजे काउंटरवरचा आवाज बंद करणं, मोबाइलसकट. बिलाचा विषय खाटेशेजारी काढायचा नाही. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ पासून स्पष्ट आहे. कुणी वरून फोन करून तसं सुचवलं तरी तुम्ही निरोप्या होऊ नका, मेडिकल सुपरिंटेंडेंटना फोन जोडून द्या.

माहितीसाठी एकच माणूस निवडा. नवरा, आई, मुलगी यांना विचारू नका. बहुतेक घरांत एखादा चुलता किंवा जावई असतो, जो रडत नसतो आणि गाडीची सोय बघत असतो. त्याला खुर्ची द्या, पाणी द्या आणि मग आधार कार्ड मागा. मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ डॉक्टर भरतात आणि सही करतात, त्यात तुम्ही एक अक्षर लिहायचं नाही. फक्त कुठला रकाना कोरा राहिलाय का, वेळ आणि तारीख केसपेपरशी जुळते का, ते बघून परत द्यायचं. मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत जन्म-मृत्यू निबंधकाकडे जायला हवी, आणि हॉस्पिटलात झालेल्या मृत्यूची ती जबाबदारी हॉस्पिटलची असते. अपघात, विष, भाजणं, असं मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत जाणारं प्रकरण असेल तर मात्र देह नातेवाइकांकडे थेट जात नाही. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, मग ताबा. ते 'कुठं अडकलंय' विचारतील तेव्हा हा क्रम शांतपणे सांगा, दोनदा सांगायची तयारी ठेवा.

आणि नाव. माझ्या हातून एकदा 'शांताबाई'चं 'शांता' झालं. आठ महिन्यांनी तिचा मुलगा आला. सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची होती, तलाठी म्हणाला ही बाई ती नव्हे. मग प्रतिज्ञापत्र, महापालिकेत अर्ज, हॉस्पिटलचं पत्र, तीन महिने. तो एकदाही माझ्यावर ओरडला नाही, त्यानं जास्त वाईट वाटलं. आता मी लिहिलेलं त्या चुलत्याला मोठ्यानं वाचून दाखवते: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, पत्ता. मग कागद त्याच्याकडे फिरवते आणि म्हणते, एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. जमीन, पेन्शन, विमा सगळं यावर चालणार आहे, हेही सांगते. त्या वेळी ते क्रूर वाटतं. तरी सांगते.

उरलेलं

मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, यांच्याशी गोड राहा. फाइल कुणाच्या टेबलावर पडलीय ते त्यांनाच माहीत असतं. रेकॉर्डला फाइल पाठवताना पानं मोजा आणि रजिस्टरवर सही घ्या, ओळखीचा माणूस असला तरी. पोलीस जबाब घ्यायला आले तर रुग्ण बोलायच्या स्थितीत आहे की नाही हे डॉक्टर लिहून देतात, तुम्ही फक्त आरएमओंना बोलवा. आणि पेन दोरीनं बांधून ठेवा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकडून येणारं कुणी पोचू शकलं नाही. दुसऱ्या वॉर्डातला एक नवखा पोरगा माझ्या जागी बसला. मी तीन दिवसांनी आले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्या वहीनं वाचवलं, पण तुमचं अक्षर..." तेव्हापासून ड्यूटी सोपवतानाची ओळ मी मोठ्या अक्षरात, कुणाही परक्याला कळेल अशी लिहिते. नमुना देते, असाच उतरवून घ्या:

'१४ नंबर. डिस्चार्ज. समरी झाली, सही बाकी, सर साडेसहाला ओपीडीतून वर येतील. फार्मसी परतावा झाला. बिल तयार, कॅशलेसच्या अंतिम मंजुरीसाठी कागद ४:१० ला पाठवले. टाक्यांचा कागद मुलाला समजावायचा आहे. मुलगा खाली पार्किंगमध्ये, फोन पानामागे. आजींना कन्नडच येतं. चहा बिनसाखरेचा.'